पहिल्या रांगेतले कान

चंपतराव वैरागडे यांना आयुष्यात एकच गोष्ट मनापासून जमली, ती म्हणजे ऐकणं. हे ते स्वतःच सांगत, आणि इतक्या मोठ्यानं सांगत की समोरच्याला ऐकण्यावाचून दुसरा मार्ग उरत नसे.

कळमन्याच्या बाजारात त्यांची धान्याची अडत होती. तुरीच्या ढिगाभोवती व्यापारी जमले की चंपतराव बोली पुकारत, आणि वर्षानुवर्षांच्या त्या हर्रासीनं त्यांचा गळा असा तयार केला होता की मुलाच्या, ऋषिकेशच्या हाती अडत सोपवून ते घरी बसले तेव्हा धंदा तिकडे राहिला, आवाज मात्र इकडे आला. लकडगंजच्या मागच्या गल्लीत त्यांनी चहा मागितला की चार घरं पलीकडे आधण चढतं, असं त्यांची बायको प्रेमिलाबाई म्हणत.

पण चंपतरावांना अभिमान गळ्याचा नव्हता, कानांचा होता. गल्लीच्या टोकाला विठ्ठल-रखुमाईचं मंदिर. तिथं दर एकादशीला कीर्तन आणि वर्षाकाठी एक सप्ताह. पहिल्या रांगेत, पेटीच्या बरोब्बर समोर, त्यांची जागा. बुवांचं नमन सुरू झालं की यांचे डोळे मिटत, पूर्वरंगात मान डोले, आख्यान भरात आलं की गालांवरून पाणी वाही, आणि मध्यंतरात बुवा बुक्का लावायला आले की कपाळ आपोआप पुढे होई. नवविधा भक्तीतली पहिली भक्ती श्रवण. चंपतराव त्या पहिल्याच पायरीवर मांडी ठोकून बसले होते आणि बसल्या जागेलाच कळस समजत होते.

त्यांच्याकडे आणखी एक मान होता. कीर्तनाची सतरंजी त्यांच्या घरी राही. कधीकाळी ती लाल-निळी होती म्हणे. आता दोन्ही रंगांनी समजूत करून घेऊन एकच राखाडी रंग धरला होता. ही सतरंजी चंपतराव धुऊ देत नसत, झटकूही देत नसत. किती बुवांचे, किती टाळकऱ्यांचे, किती भाविकांचे पाय तिला लागलेले. ती चरणधूळ. ती झटकून नालीत घालायची? प्रेमिलाबाई एकदा दांडा घेऊन ती गच्चीवर न्यायला निघाल्या, तर हे जिन्यात आडवे उभे राहिले.

"तीर्थ उकळून पिशीन का वं उद्या?" एवढंच विचारलं त्यांनी. प्रेमिलाबाईंनी दांडा ठेवून दिला.

नात झाली. तिचं नाव अश्लेषा, घरात अशू. ती आईच्या कुशीतून सुटली आणि तिला झोपायला वेगळी जागा हवी झाली, तेव्हा चंपतरावांनी आपल्या खोलीत त्या सतरंजीच्या घड्यांवर घड्या घातल्या, वर धुतलेली चादर अंथरली आणि तिचं अंथरूण तयार केलं. भक्तांच्या पायधुळीवर लेकरू वाढेल, याहून मोठं भाग्य कोणतं, असं ते ज्याला-त्याला सांगत. एकादशीला सतरंजी मंदिरात जाई, दुसऱ्या दिवशी ताजी धूळ घेऊन परत येई आणि अशू पुन्हा तिच्यावर झोपे.

आणि भाग्य दिसायलाही लागलं.

अशू चार वर्षांची झाली तोवर चंपतरावांना तिच्यात एकेक लक्षण सापडत गेलं. पहिलं लक्षण म्हणजे नमस्कार. पोर उठता-बसता उजव्या हाताचा तळवा नाकाच्या शेंड्यापासून वर कपाळापर्यंत नेई. कोणी न शिकवता. "देवाले हात जोडते," चंपतराव म्हणत. हात एकच होता, पण लहान लेकराचा हिशेब देव एवढा काटेकोर ठेवत नाही. दुसरं लक्षण नाकावरची रेघ. नाकाच्या मधोमध एक आडवी, फिकट रेघ उमटली होती, जन्मखूण असावी तशी. कोणाच्या नाकावर अशी रेघ कोणी पाहिली होती? तिसरं म्हणजे डोळ्यांखालची सावळी वर्तुळं. साधनेची माणसं अशीच दिसतात. चौथं, कीर्तनात ती तोंड उघडं टाकून बसे, जणू नवल बघतेय. रात्री ती घोरे, तर त्या घोरण्यातही चंपतरावांना ओंकार ऐकू येई. सकाळच्या शिंकांना मात्र त्यांच्याकडे अर्थ नव्हता. त्या त्यांनी थंडीच्या नावावर टाकल्या होत्या.

सगळ्यात मोठं लक्षण कीर्तनातलं. बाकीची लेकरं मंदिरात धावत, खांबाभोवती शिवाशिवी खेळत. अशू सरळ तबल्यापाशी जाऊन बसे, डग्ग्याच्या अंगाला हात लावी आणि डोळे अर्धे मिटून घेई. तिला हाक मारा, ती वळत नसे. नाव घ्या, हलत नसे. बायका कौतुकानं बघत आणि चंपतरावांची छाती बंडीत मावत नसे.

घरातही तेच. कामिनी, म्हणजे तिची आई, स्वयंपाकघरातून हाका मारून थके. आजी हाका मारी. अशू खेळण्यातून मान वर करत नसे. मग चंपतराव बैठकीतून एकदाच "अशू" म्हणत, आणि पोर उठून धावत येई. आईच्या दहा हाकांना जे जमत नाही ते आजोबाच्या एका हाकेत होतं, ही गोष्ट त्यांनी सुनेला सुनावण्याची एकही संधी सोडली नव्हती. पुण्याईचा आवाज असतो, असं ते म्हणत. हर्रासीचा आवाज असतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. तसं त्यांच्या डोक्यात आख्यानांनी एवढी जागा घेतली होती की बाकी गोष्टींना दारातच उभं राहावं लागे.

कामिनी मात्र हसत नव्हती. अशूच्या बालवाडीतून बोलावणं आलं होतं. बाईंनी सांगितलं की मुलगी वर्गात ऐकत नाही, गाण्यात मागे राहते, शब्द अर्धेच बोलते. पुढच्या वर्गात घालायची की नाही ते बघावं लागेल, एखाद्या डॉक्टरला दाखवा. कामिनीनं घरी येऊन सासऱ्यांसमोर तसंच सांगितलं. आपलं लेकरू मंद आहे का, ही धास्ती ती बोलली नाही, पण ती सगळ्यांना ऐकू आली. चंपतरावांना सोडून.

"मामाजी, तिले नीट ऐकूच येऊन नाही राहिलं असं वाटते मले," ती म्हणाली.

"ऐकू येत नाही?" चंपतराव हसले. "अवं, माझ्या एका हाकेत येते ना ती. तुझ्या हाकेत येत नाही तर कानाचा काय दोष त्यात."

त्यांनी सुनेला समजावलं की पोर अंतर्मुख आहे. शाळेत काय शिकवतात, ए फॉर ॲपल. त्यात तिचं मन रमत नाही, त्याला ती काय करणार. आणि आता तोंडावर सप्ताह आलाय. सप्ताह होऊन जाऊ दे, मग हवं तर दाखवू. ऋषिकेश अडतीवर, त्याला वेळ नाही. प्रेमिलाबाई सुनेच्या बाजूच्या, पण सप्ताहाचं नाव निघालं की त्यांनाही वाद थांबवावा लागे, कारण सप्ताहात स्वयंपाकाची जबाबदारी त्यांची होती. कामिनी गप्प बसली. तिच्या गप्प बसण्यालाही चंपतरावांनी आपल्या समजावण्याचं यश मानलं.

सप्ताह बसला. रुपरावबुवा कीर्तनाला. बुवांचा गळा मोकळा, झांज नेमकी, आख्यान असं रंगवत की स्वयंपाकातल्या बायका हातातलं टाकून दारात येऊन उभ्या राहत. तिसऱ्या दिवशी पूर्वरंगात बुवांनी श्रवणभक्तीचा विषय घेतला. परीक्षितीचा दाखला झाला. मग बुवा थांबले आणि तबल्यापाशी बसलेल्या अशूकडे हात करून म्हणाले की दाखले पुराणातलेच कशाला, हे लेकरू पाहा. तीन दिवस झाले, कोणी बोलावलं तरी ढळत नाही, याला म्हणतात श्रवण. सगळ्या माना तिकडे वळल्या. अशू डग्ग्यावर हात ठेवून, तोंड उघडं टाकून बसली होती. तेवढ्यात तिनं तळवा नाकावरून वर नेला. मंडपात हुंकार उठला. एक म्हातारी उठून तिच्या पाया पडली.

मंडपात सगळ्यात मोठ्यानं रडणारा माणूस कोण होता, हे सांगायची गरज नाही.

त्या दिवसापासून चंपतरावांना आवरणं कठीण झालं. नामजपात त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. जयघोषात वर. पंगतीत वाढा-वाढा म्हणण्यात वर. उरलेले दिवस त्यांनी आनंदाच्या भरात एवढे गाजवले की काल्याच्या दिवशी दहीहंडी फुटली आणि त्यांच्या तोंडून जयजयकाराऐवजी फुसकी हवा निघाली. घसा पार बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी कळमन्याचा तो आवाज सायकलच्या पंक्चर ट्यूबसारखा झाला होता.

प्रेमिलाबाईंनी हळद-दूध दिलं आणि देवाची करणी म्हणून देवघराकडे बघून हात जोडले.

सकाळचं ऊन बैठकीत आलं होतं. अशू जमिनीवर पाठमोरी बसून डब्यांची झाकणं मांडत होती. चंपतरावांनी सवयीनं हाक मारली. आवाज निघाला तो शेजारच्या माणसाला ऐकू जाईल एवढा, म्हणजे बाकीची माणसं बोलतात तेवढा. "अशू."

अशू हलली नाही.

चंपतरावांना पहिल्यांदा राग आला. परवा-परवा ज्या पोरीच्या पाया म्हातारी पडली, ती आज सख्ख्या आजोबाला ओ देत नाही. सप्ताह संपला, भक्ती संपली? त्यांनी पुन्हा हाक मारली. मग जरा पुढे सरकून मारली. मग तिला आवडणारी गोष्ट म्हणून जिलेबीचं नाव घेतलं. अशूनं एक झाकण उचललं, दुसऱ्यावर ठेवलं.

ते खुर्चीवरून उठले. तिच्या पाठीमागे, अगदी दोन हातांवर जाऊन उभे राहिले. घशाला ताण देऊन म्हणाले, "अशू, आबाजी आहो ना वं मी." पोरीची मान वळली नाही. मग त्यांनी पाय आपटला. फरशी हादरली तशी ती झटकन मागे वळली, त्यांना पाहून हसली आणि तळवा नाकावरून वर नेला.

चंपतराव तिथेच जमिनीवर बसले. इतके दिवस पोर पुण्याईच्या आवाजाला धावत येत नव्हती. धावत यायची, कारण त्या घरात तेवढा एकच आवाज तिच्यापर्यंत पोचत होता. तबल्यापाशी बसायची, कारण तिथं हात लावला की काहीतरी कळायचं. सात दिवसांच्या कीर्तनातलं, त्या नमनातलं, त्या आख्यानातलं तिला काय मिळालं असेल? डग्ग्याचा धक्का. आणि आपण पहिल्या रांगेत बसून, कान टवकारून, आयुष्यभराची श्रवणभक्ती पदरी बांधून, हे ऐकलं नाही. घरातली सून तोंडानं सांगत होती, तेही ऐकलं नाही.

कामिनी दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"चाल सूनबाई," ते कसेबसे म्हणाले. "डॉक्टरकडे चाल. आत्ताच."

धंतोलीत कान-नाक-घशाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. कामिनीनं त्यांचा नंबर आधीच शोधून ठेवला होता. तो किती दिवसांपासून तिच्या फोनमध्ये होता हे चंपतरावांनी विचारलं नाही, विचारायची हिंमत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी अशूला मांडीवर बसवलं, कानात दिवा लावून पाहिलं, नाकात पाहिलं. मग एका यंत्राची मऊ बोंडी तिच्या कानात बसवली. यंत्रानं कागदावर एक रेघ काढली. चांगल्या कानात तिथं डोंगरासारखा उंचवटा उमटतो, असं त्या म्हणाल्या. अशूच्या रेघेत डोंगर नव्हता, सपाट रान होतं. दुसऱ्या कानातही तेच.

"पडद्यामागे पाणी साचलंय," त्यांनी सांगितलं. "चिकट पाणी, पाकासारखं. नाकाच्या मागून कानात एक बारीक नळी जाते. लहान मुलांत ती आखूड असते, आडवी असते. ऍलर्जीनं नाक आतून सुजलं की तिचं तोंड बंद होतं. हवा आत जात नाही आणि पाणी बसून राहतं. दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून घरच्यांच्या ध्यानात येत नाही. तिला आपलं बोलणं विहिरीत बुडी मारल्यावर वरच्या माणसाचं ऐकू यावं तसं येतं."

कामिनीनं विचारलं की लेकरू मंद तर नाही ना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नाही, मुळीच नाही. जे नीट ऐकलंच नाही ते नीट बोलणार कसं. कामिनीनं मान खाली घातली आणि पदरानं डोळे पुसले. चंपतराव दुसरीकडे बघू लागले. तिथं भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं. तिकडेही बघवेना.

सगळ्याच मुलांच्या कानातलं पाणी ऍलर्जीनं होत नाही, सर्दीनंही होतं, असंही बाई म्हणाल्या. पण या मुलीचं नाक सांगतंय की हिला ऍलर्जी आहे. कशावरून, असं चंपतरावांनी बसक्या आवाजात विचारलं. आणि मग त्यांच्या देखत त्यांची सगळी लक्षणं एकेक करून उठून गेली.

नाक खाजतं म्हणून पोर तळव्यानं नाक वर ढकलते. ऍलर्जीची मुलं असंच करतात. सारखं वर ढकलून नाकावर आडवी रेघ पडते. नाक चोंदलं की डोळ्यांखाली काळं दिसतं. श्वास नाकातून येत नाही म्हणून तोंड उघडं. रात्री घोरते तेही त्यामुळे. सकाळी शिंका येतात का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. येतात, असं चंपतराव म्हणाले. ज्या एका लक्षणाला त्यांनी भक्तीचा अर्थ दिला नव्हता, तेही थंडीच्या नावावर टाकून चुकवलं होतं.

"म्हणजे," ते म्हणाले, "भक्ती अजिबातच नाही का?"

"ते माझ्या यंत्रात दिसत नाही, काका," बाई म्हणाल्या. "ही झोपते कुठं?"

इथून पुढच्या प्रश्नांना चंपतरावांनी आयुष्यातली सगळ्यात लहान उत्तरं दिली. सतरंजीवर. मंदिराच्या. धुतली कधी? नाही. झटकली? नाही. का, असं विचारायची बाईंना गरज पडली नाही. यांनीच चरणधुळीचं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी अशूच्या हातावर थेंबथेंब औषधं टाकून बारीक टोचून पाहिलं, आणि थोड्या वेळानं घरातल्या धुळीतल्या बारीक किड्यांच्या थेंबाखाली गांधीलमाशी चावल्यासारखी लाल गांध उठली. चंपतराव त्या गांधेकडे बघत राहिले. किती बुवांचे पाय, किती भाविकांचे, आणि प्रसाद हा.

घाबरायचं कारण नाही, असं बाईंनी सांगितलं. असं पाणी बहुतेक मुलांत काही महिन्यांत आपोआप उतरतं. तोवर नाकाचा त्रास आटोक्यात ठेवायचा, रोज नाकात फवारा मारायचा, धूळ आणि धूर लांब ठेवायचा, दर काही दिवसांनी दाखवायचं. नाहीच उतरलं तर पडद्यात लहानशी नळी बसवावी लागेल. आणि एक, तिच्याशी बोलायचं ते समोर बसून, तिला ओठ दिसतील असं. शाळेत पहिल्या बाकावर बसवायचं.

परतताना ऑटोत चंपतराव सुनेशेजारी बसले होते, अशू दोघांच्या मध्ये. रस्त्याचा गोंगाट होता आणि यांचा घसा बसलेला, म्हणून जे बोलायचं ते सुनेच्या कानाशी वाकून बोलावं लागलं.

"तू सांगत होती," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही."

"हो मामाजी," कामिनी म्हणाली. तिनं त्यांचं समाधान केलं नाही, आणि त्यांना ते बरोबर वाटलं.

सतरंजीचा प्रश्न दुसऱ्याच दिवशी मंडळापुढे गेला. मंडळाचे अध्यक्ष महादेवराव, वयानं मोठे, स्वभावानं हळू. चंपतरावांनी सांगितलं की सतरंजी झटकायची, धुवायची, आणि ती पुन्हा माझ्या घरी ठेवायची नाही. महादेवरावांना हे पटेना. त्यांनी चरणधुळीचं महत्त्व सांगितलं, तीर्थ उकळून पिणार का असंही विचारलं. शब्दाला शब्द चंपतरावांचाच. स्वतःचं कीर्तन दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती वाईट आहे ते त्यांना पहिल्यांदा कळलं.

"अध्यक्षसाहेब, पायाची धूळ कपाळाले लावायची असते," ते म्हणाले. "मी लेकराच्या नाकात भरली."

 महादेवराव म्हणाले, धुवा.

अशूला त्या दिवशी कन्हानला, तिच्या मामाकडे पाठवलं. चंपतराव आणि प्रेमिलाबाई तोंडाला फडकी बांधून गच्चीवर चढले. पहिला दांडा पडला आणि अशी काही राखाडी ढगफुटी झाली की शेजारच्या बाईनं वाळत घातलेल्या साड्या ओढून घेतल्या. नंतर सतरंजी धुतली, वाळवली. तिच्यातून पुन्हा लाल आणि निळा रंग निघाला, हे पाहून गल्लीला आश्चर्य वाटलं. महादेवरावांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर तिची व्यवस्था झाली. मान गेला. चंपतरावांच्या खोलीत आता अशूची नवी गादी होती, तिला वरून घट्ट खोळ होती, आणि चादरी दर आठवड्याला गरम पाण्यातून निघत होत्या. उदबत्ती देवघरातून अंगणात गेली. तुळशीनं काही तक्रार केली नाही.

फवारा मारण्याचं काम चंपतरावांनी मागून घेतलं. अशू नाक फिरवी, पळे, कॉटखाली शिरे. तिला बाहेर काढायचं तर वाकून, जमिनीला गाल टेकून, तिच्या समोर तोंड नेऊन बोलावं लागे. घसा सुटला तरी त्यांनी तसंच बोलायचं ठेवलं. हळू, समोरून, एकेक शब्द ओठांवर आणून. अडतीतला माणूस भेटायला आला की विचारे, चंपतरावजी, तब्येत बरी आहे ना. कामिनीनं वर्गाच्या बाईंना सांगून अशूला शाळेत पहिल्या बाकावर बसवलं.

चमत्कार झाला नाही. पहिल्या फेरीला रेघ सपाट होती. दुसरीलाही, जरा कमी. शिंका मात्र थांबल्या, घोरणं गेलं. नंतर एका कानात लहानशी टेकडी उगवली, तेव्हा चंपतरावांनी त्या कागदाला हात लावून तो कपाळाला लावला आणि डॉक्टरीणबाईंनी तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं. मध्येच सर्दी झाली आणि टेकडी पुन्हा खचली. कामिनी दोन दिवस जेवली नाही. मग पुन्हा उगवली. नळीचं ऑपरेशन करायचं की नाही, ते पुढच्या वेळी ठरवू, असं बाई म्हणाल्या. ती पुढची वेळ अजून यायची होती, आणि घरातला प्रत्येक माणूस अशूच्या पाठीमागे जाऊन हळूच तिचं नाव घेऊन बघत होता. कधी ती वळे, कधी वळत नसे. कामिनीनं शेवटी सगळ्यांना बंदी केली. पोर आहे, परीक्षा केंद्र नाही, असं म्हणाली.

अशातच एका एकादशीला रुपरावबुवा पुन्हा कीर्तनाला आले. स्वच्छ सतरंजीवर माणसं बसली होती. अशू तबल्यापाशी गेली नाही. आजोबाच्या आणि आईच्या मध्ये बसून चुळबुळ करत होती. केसांची क्लिप काढत होती, लावत होती. मागे वळून बघत होती. आता ही ढळत का आहे, असं एका म्हातारीनं दुःखानं विचारलंसुद्धा. 

बुवांनी हरिश्चंद्राचं आख्यान लावलं होतं. रोहिदासाला साप चावला. तारामती ते लेकरू उचलून स्मशानात आली. बुवांचा स्वर खाली उतरत गेला. पेटीवाल्यानं एकच सूर धरून ठेवला. मंडप असा स्तब्ध झाला की कोणी नाक ओढलं तरी कळावं. त्या स्तब्धतेत बुवा उपरण्यानं डोळे पुसायला म्हणून अर्धे वळले आणि पेटीवाल्याकडे झुकून, उपरण्याआडून काहीतरी पुटपुटले. चंपतरावांना ते ऐकू आलं नाही. पहिल्या रांगेतल्या कोणालाच आलं नाही, सगळे मनानं स्मशानात होते.

अशूनं आजोबाचं बोट ओढलं.

"आबाजी," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "बुवा म्हणून राहिले, चहात साखर टाकू नका."

 पेटीवाल्याचा सूर फसकन गेला. बुवांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "खरं आहे माय. शुगर आहे मले." मग मंडप हसला तो थांबेचना. कामिनी हसत नव्हती. तिनं अशूला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं.

चंपतराव उठले. आख्यान अर्ध्यावर असताना पहिल्या रांगेतून उठलेला माणूस त्या मंदिरात कोणी पाहिला नव्हता, आणि चंपतरावांना तर कोणीच नाही. माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत ते मागच्या स्वयंपाकघरात गेले. चुलीवर चहा उकळत होता. प्रेमिलाबाईंनी डब्यातून साखरेचा चमचा भरला होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं.  चंपतरावांनी बायकोच्या हातातला चमचा घेतला आणि साखर परत डब्यात ओतली.

"बुवाले नको म्हणते," ते म्हणाले. "अशूनं ऐकलं. मी नाही ऐकलं, तिनं ऐकलं."

प्रेमिलाबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. मंडपात हसू ओसरलं होतं, पेटीनं सूर पुन्हा धरला होता, आख्यान पुढे निघालं होतं. रोहिदास अजून निपचित पडलेला होता. चंपतराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. त्यांना घाई नव्हती. पोर उठणार आहे, हे त्यांना ठाऊक होतं.